आगांचं घोरणं

इराणातल्या यझद शहराचे न्यायाधीश फझलुल्ला आगा यांच्या घरी जेवणं उरकली की ते आणि त्यांचे तिघे भाऊ आडवे होत, आणि पडद्याअलीकडे त्यांच्या बायका चहाच्या समोवरभोवती बसून प्रेम, लग्न, अंथरूण असं सगळं बिनदिक्कत बोलत. एके दुपारी पडदा सारून आगा कडाडले, "निर्लज्जांनो! पहिल्यापासून ऐकतोय मी. उद्यापासून ही बैठक बंद!"

जावांनी माना खाली घातल्या. आगांची बायको महलका मात्र चहा ओतत म्हणाली, "पहिल्यापासून? तुमच्या तिन्ही भावांची अब्रू निघेपर्यंत तुम्ही खुशाल घोरत होतात की! मी नुसतं ‘आमचे हे’ म्हटलं, आणि घोरणं थांबलं."

आगा पडदा ओढून परतले. थोड्या वेळाने पलीकडून पुन्हा घोरणं सुरू झालं, नेहमीपेक्षा बरंच मोठं.

"हं," महलका म्हणाली, "तर आमचे हे..."