थत्त्यांची गळाभेट

त्या राज्यात एकच आळी होती आणि ती फार लांब होती. दोन्ही बाजूंना माणसं ओळीने उभी असत; माणसं अगणित, पण ओळींत आडनावं चारच. प्रत्येक ओळीच्या कमरेला एक सलग दोर, आणि प्रत्येकाचा हात समोरच्याच्या हातात. थत्त्यांच्या समोर आगाशेच असायचे आणि गानूंच्या समोर चितळेच. दुसरं कोणी समोर आलं तर हात जुळत नसे.

ऊन वाढलं की मात्र भलतंच काही घडायचं. एका दुपारी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन थत्त्यांनी आगाश्यांचे हात सोडले आणि ते एकमेकांच्या गळ्यात पडले.

"अहो थत्ते, माझा हात," समोरचे आगाशे म्हणाले.

"आम्ही बोलतोय," दोघे थत्ते एकदमच म्हणाले.

प्रकरण साधं नव्हतं. या आळीवरून लवकरच नवी आळी वसवायची होती. वसवणारे एकेकाकडे बघून त्याचा जोडीदार उभा करत पुढे जायचे. गळ्यात गळा घातलेले थत्ते दोन धरायचे की एक, हे त्यांना कळलं नसतं. मागे पलीकडच्या राज्यात अशाच गोंधळात भलताच माणूस उभा राहिला होता. ती आळी मग थांबायचंच विसरली. आळीतून आळी निघत गेली आणि शेजारच्या राज्यांना श्वास घ्यायला जागा उरली नाही.

म्हणून कात्रेबाईंना बोलावणं गेलं. बिघडलेली ओळ कापून काढणं हे बाईंचं काम. त्या आल्या की लोक तोंडभर हसायचे आणि मागे सरायचे. बाईंना ते दिसायचं. कात्री त्या पदराआड धरायच्या, पण कात्री मोठी होती आणि पदर लहान.

बाईंनी आधी थत्त्यांना समजावलं. मग ओढून पाहिलं. एकाला ओढलं की दोघे यायचे. शेवटी त्यांनी बऱ्याच अलीकडे, गानूंपाशी दोराला कात्री लावली.

"बाई, आम्ही काय केलं?" गानू म्हणाले. "चितळ्यांना विचारा. कधी हात सोडला नाही."

चितळ्यांनी मान हलवली. बाईंना राहवेना. "बरं, त्या दोघांपुरतंच कापते," असं म्हणून त्या थत्त्यांच्या अगदी कडेला गेल्या. पण तिथे ओळ वाकली होती, दोर पिळला होता. कात्री सटकली आणि समोर आगाश्यांच्या दोराला ओझरती लागली. एक पीळ उसवला.

या ओळीत कुठे कोण उभं होतं, हे फक्त समोरच्या ओळीला ठाऊक असे. दोन्ही दोर एकाच जागी तुटले असते तर विचारायला कोणी उरलं नसतं. बाई परत गानूंपाशी आल्या.

"माफ करा, गानू."

"चहा तरी घ्या आधी," गानू म्हणाले.

"नको. मग माझा हात चालायचा नाही."

त्यांनी दोर कापला. मग थत्त्यांच्या पलीकडे, काही माणसं सोडून, पुन्हा कापला. मधली माणसं ओळीतून सुटली. गानू रडत गेले, थत्ते बोलत गेले.

समोरच्या ओळीचे रिकामे हात पुढे आले होते. वसवणाऱ्यांनी एकेकाला विचारलं, "तुमच्यासमोर कोण?" ज्याने जे सांगितलं, ते आणून उभं केलं.

"हात गार आहे तुमचा," आगाशे म्हणाले.

"आत्ताच आलोय," नवे थत्ते म्हणाले.

शेवटी दोर सांधणारे भिडे आले आणि गाठ दिसणार नाही अशी दोराची टोकं सांधून गेले. आगाश्यांचा उसवलेला पीळही त्यांनी बसवला. त्यांना सगळ्यांनी चहा पाजला. कात्रेबाईंना कोणी बसा म्हटलं नाही. नव्या गानूंनी तर त्यांना बघून चितळ्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

त्या राज्याचं आभाळ म्हणजे एका मानेची कातडी होती, आणि राज्य म्हणजे त्या कातडीतली एक पेशी. आभाळाच्या वर, भर दुपारी, मिठागरात एका बाईने फावडं टेकवलं, मान चुरचुरत होती तिथे जरा खाजवलं, आणि मानेवर पदर न घेताच ती पुन्हा मिठावर वाकली.