शेवंतीचा पान्हा

तालुक्याच्या गावी त्र्यंबकशेठ नावाचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी राहायचे. हात मोठा सढळ. कुणाकडे बारसं असो, वास्तुशांत असो, शेठजींचं भांडं पोचलंच म्हणून समजा. शेठजी मात्र कधी पोचायचे नाहीत! नाशिकला मुलगा-सून होते, तिकडेही दर दिवाळीला नुसतं खोकं जायचं. बायको वारली आणि घर खायला उठलं, तेव्हा शेठजी म्हणू लागले, "जन्मभर सगळ्यांना दिलं, आज माझ्या दारात कुत्रं फिरकत नाही."

पौषात त्यांच्या बालमित्राचा, रावजीचा निरोप आला. "शनिवार-रविवार मळ्यात ये. हुरडा खाऊ." शेठजी भेट म्हणून पितळेची कोरी चरवी घेऊन गेले. रावजी बांधावरच वाट बघत उभा होता. पण हुरड्याची आगटी पेटते न पेटते तोच फोन आला. रावजीच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. त्याची बायको आधीच तिच्यापाशी होती.

"त्र्यंबका, मला निघायला पाहिजे गड्या," रावजी म्हणाला. "शेरडांना पाला टाकलाय. शेवंती म्हशीची संध्याकाळची धार तेवढी काढ. लहानपणी काढायचास की! तिचं रेडकू गेल्या आठवड्यात मेलंय, माझ्या एकट्याच्या हाताला पान्हावते. माझी घोंगडी पांघर, वासाला फसली तर फसली. दूध तुंबलं तर कास सुजेल रे, म्हैस हातची जाईल."

आणि गेला की हो! शेठजींना भारी राग आला. पाहुणा म्हणून बोलावलं आणि गडी करून ठेवलं! चारची एसटी होती. त्यांनी पिशवी उचललीसुद्धा. पण घरी जाऊन करायचं काय? तिथेही कुलूपच. शिवाय मुक्या जनावराचे हाल करावेत, एवढे काही ते वाईट नव्हते. पिशवी त्यांनी परत खुंटीला अडकवली.

दिवस कलला. थंडी अंगाला झोंबू लागली. शेठजींनी घोंगडी पांघरली, शेवंतीपुढे घमेलंभर पेंड टाकली आणि चरवी घेऊन बसले. शेवंतीने पेंड चाटूनपुसून खाल्ली आणि दूध चोरलं. थेंब येईना. शेठजींनी आणखी पेंड टाकली. तीही खाल्ली. पुन्हा आचळाला हात लावला, तर तिने अशी लाथ झाडली की चरवी भिंतीवर आपटली आणि तिला चांगला पोचा पडला.

"खाऊन उलटलीस ना?" शेठजी ओरडले. "तूही त्यातलीच!"

ओरडणं ऐकायला तरी कोण होतं? कोपऱ्यात शेळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून शेठजींना फार एकटं वाटलं. ते शेवंतीच्या कुशीला टेकून मटकन खाली बसले. तिचं अंग गरम होतं. रेडकाच्या मोकळ्या खुंट्याकडे मान वळवून ती हुंगत होती.

"तुझंही माणूस गेलं का गं?" शेठजी म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. बायको गेली तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते. "ती आजारी होती ना, तेव्हा म्हणायची, जरा बसा हो जवळ. मी म्हणायचो, काय हवं ते सांग, आत्ता आणतो. फळं आणली, औषधं आणली. बसलो नाही गं कधी."

बोलता बोलता त्यांचा हात तिच्या पोटावरून, कासेवरून फिरत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवंती शांतपणे रवंथ करू लागली. मग शेठजींच्या बोटांना काहीतरी ओलं, कोमट लागलं. ती पान्हावली होती! शेठजींनी धडपडत ती पोचलेली चरवी ओढली आणि फेस वर येईपर्यंत धार काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळचीही धार त्यांनी तशीच काढली. दुपारी रावजी आला. "नात झाली!" तो लांबूनच ओरडला. मग त्याने दूध पाहिलं. "अरे, ही माझ्या बायकोलाही दाद देत नाही. काय घातलंस हिला?"

"घातलेलं सगळं खाऊन लाथ मारली तिने," शेठजी म्हणाले. "मग नुसता जवळ बसलो."

संध्याकाळी दोघे एसटीच्या थांब्यावर आले. "नाशिकची गाडी कधी आहे रे?" शेठजींनी विचारलं.

"पोराकडे निघालास? थांब, हुरडा देतो बांधून."

"नको रावजी," शेठजी म्हणाले. "या खेपेला रिकाम्या हातानेच जातो. चार दिवस बसतो त्यांच्यापाशी."

तात्पर्य: पुढ्यात पेंड टाकून पान्हा फुटत नाही आणि भेटी धाडून माणसं जोडली जात नाहीत, त्यासाठी आपल्याला स्वतः जवळ जाऊन बसावं लागतं.