सोळाच्या भोकात सोळाचा बोल्ट

चाचणीच्या मैदानावर विजेचा टॉवर दोर लावून ओढला, तेव्हा त्याचा शेंडा टॉवरचं डिझाइन करणाऱ्या डॉ. नेर्लेकरांच्या गणितापेक्षा दुप्पट सरकला. आपलं चुकलं असं म्हणायची या मोठ्या माणसांच्या जिभेला सवयच नसते. नेर्लेकरांनी टॉवर उभारणाऱ्या रज्जाक मुजावरच्या टोळीवर खापर फोडलं.

"बोल्ट ढिले आवळलेत. ही टोळी उद्यापासून कामावर नको. माझ्या कॉम्प्युटरवर एकही सांधा सरकत नाही."

रज्जाकने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरवर सोळा मिलिमीटरच्या बोल्टला भोक केवढं?"

"सोळाचंच. सांध्यात फट धरलेलीच नाही."

रज्जाकने वर्कशॉपमधून दोन लोखंडी पट्ट्यांना बरोबर सोळाची भोकं पाडून आणली आणि बोल्ट साहेबांच्या हातात ठेवला. "घाला."

साहेबांनी दाबला, फिरवला, शेवटी सगळ्यांदेखत हातोडीने ठोकला. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट काही आत जाईना.

"म्हणून कारखान्यात भोक दीड मिलिमीटर मोठं पाडतात," रज्जाक म्हणाला. "मग कितीही आवळा, जोराचा ताण आला की सांधा तेवढा सरकतोच. तुमचा कॉम्प्युटरवरचा टॉवर सरकत नाही, साहेब, कारण तो अजून कुणाला उभाच करता आलेला नाही."

दुसऱ्या दिवशी टोळी कामावर होती. रजा नेर्लेकरांनी टाकली.