गोजराईची उसवण

फार वर्षं झाली त्या गोष्टीला. तांबडदऱ्याच्या सटवाईला तेव्हा देऊळ नव्हतं, नुसता शेंदूर फासलेला दगड होता, आणि त्या दगडाच्या खालच्या अंगाला गोजराई शिंपिणीचं घर होतं. गोजराई बाळांच्या कुंच्या शिवायची. कुंची म्हणजे बारशाला बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात तो मानाचा पोशाख. वरून खण, आतून मऊ अस्तर, शेंड्याला रेशमी गोंडा. पण गोजराईचं नाव झालं ते शिवण्यानं नाही, जुन्या कुंच्या ओळखण्यानं.

त्याचं असं होतं. ज्या बाईची लेकरं जगत नसत, तिच्या बाळाला त्या गावात कोरी कुंची घालत नसत. जगल्या-वाढलेल्या लेकराची जुनी कुंची मागून आणायची, त्याचं आयुष्य याला लागावं म्हणून. आणि ज्या कुंचीतलं लेकरू गेलं, तिचा गोंडा कापून ती नदीला सोडायची. तेव्हा कुंची कुठल्या सालातली, कुणाच्या अंगावरची, हे कळायलाच हवं. ते गोजराईला कळायचं.

ती आधी खणाचा लाल रंग बघायची. मुळ्या उकळून काढलेला लाल जुना झाला की विटकरी होतो, पुडीतला गुलाबी पडतो. मग सूत बघायची, घरच्या चातीवरचं की गिरणीचं. मग टाका. डोळे मिटून काठावर बोट फिरवायची आणि म्हणायची, "ही मोठ्या दुष्काळाच्या आधीची. ही पटकीच्या सालातली." ती कुंची कानाशी धरायची आणि घातलेल्या लेकराचं हसू तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

त्याच गावात अनसा म्हणून एक सून होती. तिची दोन लेकरं गेली होती. तिसरं झालं, मुलगी. अनसानं सटवाईला पाच शुक्रवारांचा नवस बोलला, आणि बारशाच्या दिवशी तिची सासू तुळसाबाई पेटीतून एक कुंची घेऊन आली. देखणी, जरीच्या काठाची.

"माझ्या लेकाची, धोंडीची हाय," तुळसाबाई म्हणाली. "कुणाच्या दारात मागायला जायला नको."

रीतीप्रमाणे कुंची गोजराईच्या हातात दिली. खण बरोबर धोंडीच्या वयाचा होता. पण काठाशी तिचं बोट थांबलं. अस्तराखाली काहीतरी जाड लागत होतं, आणि वरच्या कापडाहून जुनं.

"काय गं गोजरे, किती चिवडशील? कुंची हाय, बाजारातलं वांगं नव्हं!"

बायका हसल्या.

"तुळसाक्का, आत काहीतरी जुनं लागतंय हाताला. चार टाके उसवून बघते."

"बारशाच्या दिशी उसवायचं? असं बोलताना वाचा कशी बसली न्हाई तुझी! माझा धोंडी ह्यातच वाढला. तो बघ दारात उभा, रेड्यावानी."

पुन्हा हसू झालं. बायका ओट्या घेऊन खोळंबल्या होत्या, घुगऱ्या निवत होत्या. एकटी अनसा हसली नाही. ती बाळ मांडीवर घेऊन गोजराईच्या बोटांकडे बघत होती. गोजराईला तिची नजर दिसली. पण चार बायकांत वाईट कोण होणार, शुभ कार्यात कात्री कोण लावणार? तिनं कुंची खाली ठेवली आणि म्हणाली, "चालंल."

महिना भरायच्या आत मुलगी तापानं गेली.

कुंची नदीला सोडायला बायका घाटावर गेल्या. गोंडा कापायच्या आधी गोजराईनं काठ उसवला. खण आणि अस्तर सुटे झाले. मधे दुसरी अख्खी कुंची होती, जुनी, विटकरी पडलेली, आणि तिचा गोंडा कापलेला होता.

तुळसाबाईनं हात पुढं करून ती आतली कुंची घेतली. "नदीला सोडवंना गं," ती म्हणाली. "पहिलं लेकरू ते माझं, माहेरातच गेलं. त्याची ऊब पाठच्याला लागावी म्हणून आत शिवली. आन् धोंडी जगला की ह्यातच! जगला का न्हाई?"

लेकरू कापडानं नेलं की तापानं, सटवाईनं लिहिलेलं आपल्याला कुठं वाचता येतं? पण अनसानं सासूला काही विचारलंच नाही. ती गोजराईपुढं येऊन उभी राहिली.

"मावशी, त्या दिवशी तुमच्या हाताला कळलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं.

"कळलं होतं, बाई," गोजराई म्हणाली.

अनसानं पदर तोंडाशी घेतला आणि पाठ फिरवली. त्या दिवसानंतर ती गोजराईशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचा पाळणाही पुन्हा हलला नाही.

त्यानंतर गोजराईच्या हातातली कुंची दगडासारखी जड व्हायची, आणि उसवून आत बघितलं की पिसासारखी हलकी, असं म्हणतात. ती कुणाच्या घरी, कुठल्याही मुहूर्ताला, आधी काठ उसवायची. लोक चिडले, पाठीमागं अवदसा म्हणाले. ती ऐकून घ्यायची आणि उसवायची. शेवटी तिची नजर गेली तरी बोटं उसवत राहिली. ती गेली त्या पहाटे गावातल्या घराघरात पेट्यांमधल्या कुंच्यांचे काठ आपोआप सुटले, असं म्हणतात.

मग एका घरी बारसं निघालं. कुंची आणली, पण बघणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात अनसा दारात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं; रिकाम्या कुशीच्या बाईला बारशाला कोण बोलावतं? बायका कुजबुजल्या. एकीनं बाळावर पदरही ओढला.

अनसा सरळ आत आली आणि तिनं कुंची उचलली.

"मी बघते," ती म्हणाली. "माझ्या वेळी बघायचं र्‍हाऊन गेलं."

तिनं काठ उसवला, हात आत घातला, पुन्हा पुन्हा फिरवला. मग कुंची बाळाच्या डोक्यावर घातली आणि आली तशी निघून गेली.

आजही तांबडदऱ्यात कुंचीचा काठ पुरता शिवत नाहीत. चार बोटं जागा मोकळी ठेवतात, त्याला गोजराईची उसवण म्हणतात. तालुक्याच्या दुकानातून मशीनवर शिवलेला झगा आणला तरी घरी आल्यावर तेवढी शिवण सोडतात. आणि बारशाला पहिलं बोलावणं जातं ते जिचं लेकरू गेलं त्या बाईला. ती येऊन हात आत घालून बघते. ती "चालंल" म्हणत नाही. ती म्हणते, "बघितलं." मगच बाळ पाळण्यात जातं.