घारीच्या डोळ्यांचा लवू

समुद्राकाठच्या एका गावात लवू खोबरेकर नावाचा एक पाणबुड्या राहत असे. बापजादे मासेमारीतले, पण लवूचं मन पाण्याच्या वर कधी रमलंच नाही. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून तो पर्यटकांना समुद्राखाली न्यायचा, प्रवाळ दाखवायचा, रंगीत मासे दाखवायचा आणि घाबरलेल्यांचा हात धरून त्यांना हसत वर आणायचा. माणूस कामाचा चोख आणि मनाचा मोकळा होता.

त्याची ख्याती मात्र डोळ्यांची होती. गढूळ पाण्यात जे कुणाला दिसायचं नाही ते लवूला दिसायचं. एकदा त्याने तळाच्या चिखलात रुतलेली कुणाची तरी अंगठी शोधून आणली होती. तेव्हापासून गाव त्याला ‘घारीच्या डोळ्यांचा लवू’ म्हणू लागलं. हे नाव त्याला स्वतःच्या आडनावापेक्षा प्यारं होतं.

पण नाव टिकतं तेवढे डोळे टिकत नाहीत. लवूला अठ्ठेचाळिसावं लागलं आणि जवळची अक्षरं त्याच्याशी फटकून वागू लागली. दूरची होडी लख्ख दिसायची, हातातली चिठ्ठी मात्र धुक्यात जायची. याला चाळशी लागणं म्हणतात आणि ती राजालाही लागते, हे लवूला माहीत नव्हतं असं नाही. पण घारीने चष्मा लावायचा म्हणजे काय! तो वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचा आणि आजकालच्या छापखान्यांना शाई परवडत नाही म्हणून कुरकुरायचा. जाळ्याची गाठ तो बोटांनी चाचपून मारायचा.

त्याची बायको शालन एकदा म्हणाली, “अवो, डोळे तपासून घेवा एकदा.”

“डोळ्यांका काय झाला? घरात उजेडच कमी आसा,” लवू म्हणाला, आणि भर दुपारी दिवा लावून बसला. शालनने पुढे काही विचारलं नाही. नवऱ्याचा मान राखायचा म्हणून ती गप्प राहिली, आणि बिचारीची चूक एवढीच झाली.

लवूचा एक जोडीदार होता, पास्कू फर्नांडिस. वीस वर्षं दोघं एकाच होडीतून जायचे आणि एकमेकांच्या भरवशावर पाण्यात उतरायचे. समुद्राखाली एकट्याने जाऊ नये, हा त्या धंद्याचा पहिला नियम. खाली गेल्यावर दोघांपैकी प्रत्येकाचा जीव थोडाथोडा दुसऱ्याच्या हातात असतो.

एके दिवशी या दोघांना मोठं काम मिळालं. खडकापलीकडे एक जुनी मालवाहू बोट बुडालेली होती, पंचेचाळीस मीटर खोल. तिची मोजमापं घ्यायची होती. इतक्या खोल जाण्याचं शिक्षण दोघांनी रीतसर घेतलं होतं, पण तेव्हा मनगटावर शिकवणाऱ्या संस्थेचं यंत्र होतं. पास्कूकडे आपलं होतं, आता लवूला स्वतःचं हवं होतं.

हे यंत्र म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. दिसायला घड्याळासारखं, म्हणून गावातही त्याला घड्याळच म्हणत. खोल पाण्यात श्वासातला वायू माणसाच्या रक्तात मुरतो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडाल्यावर होतात तसे त्या वायूचे अंगात बुडबुडे होतात. मग कुणी लंगडा होतो, कुणी जन्माचा अंथरुणाला खिळतो, कुणी जातोच. म्हणून वर येताना ठरावीक जागी, ठरावीक मिनिटं थांबावं लागतं. कुठे थांबायचं आणि किती, हे घड्याळ सांगतं. वरच्या उथळ पाण्यात अनुभवावर निभावतं. खोल पाण्यात अनुभवाने घड्याळाचंच ऐकायचं असतं.

लवू शहरातल्या दुकानात गेला. दुकानदारीण जाणती होती. तिने त्याचं काम विचारून घेतलं आणि दोन घड्याळं त्याच्यापुढे ठेवली.

“दोन्ही खोल जातात, दोन्हींना नळकांड्यातले निरनिराळे वायू समजतात, किंमतही सारखीच आहे,” ती म्हणाली. “हे बारीक आणि देखणं आहे, एका नजरेत सगळी माहिती देतं. हे जाडंभरडं आहे, पण याचे आकडे मोठे आहेत.”

देखण्याचे आकडे मोहरीएवढे होते. जाड्याचे चवळीएवढे होते. लवूला चवळी स्वच्छ दिसली. मोहरी त्याला दिसली नाही, नुसती जाणवली.

“काका, आकडे नीट दिसतात ना?” तिने अगदी साधेपणाने विचारलं. “खाली अंधार असतो. तुमच्या वयाचे बरेच जण हे मोठ्या आकड्यांचंच घेतात.”

‘तुमच्या वयाचे’ हे शब्द लवूला झोंबले. हात जाड्या घड्याळाकडे निघाला होता, तो वाटेतच वळला.

“बाय, माझे डोळे घारीचे,” तो म्हणाला. “तळातली कुर्ली माका होडयेतसून दिसता.” आणि देखणं घड्याळ मनगटाला बांधून तो दुकानाबाहेर पडला.

गावात घड्याळाचं कौतुक झालं. पर्यटक त्याचे फोटो काढू लागले. महिनाभर लवू उथळ पाण्यात तेच बांधून हिंडला. तिथे ते वाचायची फारशी गरजच पडली नाही, आणि लवूला वाटलं, चला, जमलं आपलं.

मग बुडालेल्या बोटीचा दिवस आला. सकाळचं पाणी शांत होतं. होडीपासून बोटीपर्यंत जाड दोरी सोडली होती आणि थांबण्याच्या जागी तिला लाल चिंध्या बांधल्या होत्या. दोघे उतरले. मोजमापं झाली. निघताना लवूचा पाय तिथे अडकलेल्या एका जुन्या जाळ्यात गुंतला. पास्कूने सुरीने एकेक धागा कापून तो सोडवला. त्यात पाच मिनिटं जास्त गेली, आणि पाटीवर लिहून आणलेलं वर येण्याचं वेळापत्रक निकामी झालं. आता घड्याळ सांगेल तेच खरं.

नेमकं तेव्हाच पास्कूने आपलं मनगट लवूपुढे धरलं. त्याच्या घड्याळाचा पडदा काळा पडला होता. बंद पडायला यंत्र मुहूर्त पाहत नाही. पास्कूने लवूच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. आता तुझ्यावर भिस्त, असा त्याचा अर्थ होता.

दोघे दोरी धरून वर निघाले. खालचे थांबे मिनिट-मिनिटाचे होते; एकचा आकडा म्हणजे नुसती उभी रेघ, ती लवूला ओळखता आली आणि ते पार पडले. शेवटचा थांबा सहा मीटरवर होता. तोच मोठा आणि तोच महत्त्वाचा. लवूने मनगट डोळ्यांसमोर आणलं. सहस्र मोहऱ्या सांडल्यासारखं काहीतरी लुकलुकत होतं. त्यात मिनिटांचा आकडा एकच होता. तो इंग्रजी तीन होता की इंग्रजी आठ? फरक तो काय, डाव्या बाजूची वळणं उघडी की मिटलेली एवढाच. लवूने हात लांब केला, पण समुद्रातही हाताची लांबी तेवढीच. त्याला तीन असावा असं वाटलं. खरं सांगायचं तर तीन असावा असं त्याला हवं होतं. त्याने पास्कूला तीन बोटं दाखवली.

पास्कूने मान डोलावली. त्याने लवूचं मनगट बघायला मागितलंसुद्धा नाही. एका हाताने दोरी धरून तो शांतपणे मनात सेकंद मोजू लागला.

तो शांतपणा लवूला सोसवेना. ज्याने आत्ताच आपला पाय सोडवला, त्याला आपण अंदाजपंचे दाहोदरसे करून तीन बोटं दाखवली. आकडा आठ असेल तर? वर येऊन पास्कूचे पाय लुळे पडले, तर त्याच्या बायकोपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? डोळ्यांचा मान राखायला माणूस गमवायचा?

तीन मिनिटं झाली. पास्कूने अंगठा वर केला. जाऊ या का?

उत्तर सोपं होतं. लवूनेही अंगठा वर केला असता तर दोघे निघाले असते, आणि घारीचं नाव अबाधित राहिलं असतं. निदान होडीत पोहोचेपर्यंत.

लवूने पास्कूचा खांदा घट्ट धरला आणि जोरजोराने मान हलवली. मग त्याने आयुष्यात कधी केली नव्हती ती खूण केली. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि तळवा डावी-उजवीकडे हलवला. दिसत नाही. मला दिसत नाही. आणि घड्याळ बांधलेला हात त्याने पास्कूच्या चेहऱ्यासमोर धरला.

मग पास्कूने विचित्रच केलं. पंचांग वाचणारे भटजी करतात तशी हनुवटी वर उचलली, नाकाच्या शेंड्यावरून खाली घड्याळाकडे पाहिलं, आणि हाताची पाचही बोटं उघडली. अजून पाच मिनिटं. म्हणजे सुरुवातीचा आकडा आठच होता.

ती पाच मिनिटं दोघे एकाच दोरीला धरून थांबले. लवूने पास्कूचा खांदा शेवटपर्यंत सोडला नाही. त्याच्या डोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्यात पाणी आलं, ते समुद्राचं नव्हतं.

होडीत आल्यावर दोघांनी पाठीवरची नळकांडी उतरवली. दोघांचे हातपाय शाबूत होते. लवूच आधी बोलला.

“पास्कू, माका जवळचा दिसणा नाय. दोन वर्षां झाली. तुका सांगूक माका लाज वाटली. आज मी तुका मारलंय असतंय.”

पास्कू रागावेल असं त्याला वाटलं. पास्कूने आपला मुखवटा उचलून त्याच्या हातात दिला. आतल्या बाजूला, काचेच्या खालच्या कडेला, वाचायच्या चष्म्याच्या दोन छोट्या काचा चिकटवलेल्या होत्या. लवूने त्या बोटांनी चाचपून पाहिल्या.

“ह्या कधीपासून?”

“दोन वर्षां,” पास्कू म्हणाला.

“आणि माका सांगलंस नाय?”

“घारीक काय सांगतलंय, माका चाळशी लागली म्हणान? मान वर करून वाचूचा लागता. तू हसतलंस म्हणान आज तुझा मनगटय मी बघूक मागलंय नाय.”

लवूने मुखवटा उलटापालटा करून पाहिला. “पण वीस वर्षां तुझ्या तोंडाकडे बघतंय मी. ह्या माका कसा दिसला नाय?”

“ता बघूक जवळचा दिसूक होया मां!” पास्कू म्हणाला.

आणि दोघे होडीत आडवे पडून हसले. हसता हसता लवू पुन्हा रडला, आणि पास्कूने त्याला रडू दिलं. एकाने डोळे लपवले आणि दुसऱ्याने काचा लपवल्या. दोघांच्या लाजेने मिळून दोन जीव जवळजवळ घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ते दोघे शहरातल्या दुकानात गेले. देखणं घड्याळ लवूने आपल्या पुतणीला देऊन टाकलं होतं. तीही पाणबुड्याचंच काम करायची आणि तिचे डोळे एकवीस वर्षांचे होते. दुकानदारिणीने काही विचारण्याआधीच लवू मोठ्याने म्हणाला, “बाय, माका चाळशी लागली आसा. आता घड्याळ दाखव.”

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. कुणीही हसलं नाही. दुकानदारिणीने निमूटपणे चवळीएवढ्या आकड्यांचं घड्याळ काढून त्याच्यापुढे ठेवलं.

मागून पास्कूचा हळू आवाज आला, “आणि माकाय तसलाच.”

तात्पर्य: वस्तू निवडताना आपण आज जसे आहोत तसे स्वतःला ओळखावे. उणीव सांगण्याची लाज घडीभराची असते. ती लपवली तर तिची शिक्षा आपल्यावर विसंबलेल्यालाही भोगावी लागते.