गुंजाळशेठचा पांढरा शर्ट

बार्शीच्या गुंजाळशेठना दोनच गोष्टींचा अभिमान: अंगातला पांढराशुभ्र शर्ट आणि फेसबुकवर चालणारी जीभ. त्यांच्या दुकानातल्या साड्यांबद्दल कुणी तक्रार केली, की शेठ तिची जाहीर टिंगल करत आणि गावाची फुकटात करमणूक होई.

मंदाताई ढोल्यांनी लिहिलं, "तुमच्या लाल साडीनं आमच्या ह्यांचे शर्ट गुलाबी केले."

शेठनी त्यांच्या फोटोसकट उत्तर टाकलं, "आमचा रंग पक्का. ताईंना सासूनं धुणं शिकवलं नाही वाटतं!"

गाव खदाखदा हसलं. ताईंना भाजीला जाणंही नकोसं झालं.

पण बाजाराच्या दिवशी त्या पाण्याची बादली आणि तीच साडी घेऊन भरल्या दुकानात शिरल्या. "शेठ, सासूनं नाही शिकवलं, तर आता तुम्हीच शिकवा."

शेठ खूश! त्यांनी मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. "बघा मंडळी, ताई शिकवणीला आल्यात!"

"रंग नक्की पक्का ना?" ताईंनी विचारलं.

"एकदम पक्का!"

"मग साडीबरोबर तुमचा शर्टही टाका बादलीत."

शेठनी दोन्ही हातांनी शर्ट गच्च धरला.

"शिकले हो शेठ," मंदाताई मोबाइलकडे बघून म्हणाल्या. "तुमच्या साडीबरोबर काय धुवायचं नाही, ते आज अख्खं गाव शिकलं."