इंजिनाचा चोक

घाटात दवाखान्याची जुनी जीप आचके देत काळा धूर ओकत होती. मागच्या बाकावर ड्रायव्हर इस्माईलची आई धापा टाकत पडली होती. वाटेत फुकट चढून पुढे बसलेले पंचायत समितीचे सभापती धनाजीराव खेकसले, "अरे, इंजिन तापलं तरी चोक ओढलेलाच! हवा मिळेना म्हणून गुदमरतंय ते. एवढं कळत नाही?"

इस्माईलनं चोक आत ढकलला.

"कळतं, साहेब. हा चोक माझ्या हातात होता. मागं अम्मीलाही हवाच मिळेना. गाडीसाठी ऑक्सिजन घ्यायच्या मंजुरीचा कागद दिवाळीपासून तुमच्या सहीसाठी अडलाय. तो चोक तुमच्या हातात आहे."

इंजिन आता एका लयीत चालत होतं. तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, मागची धाप थांबली होती; श्वासही ऐकू येत नव्हता.